सातवी-आठवीची मुलं साध्या वजाबाकीत अडतात, नेमकं कुठे आणि काय करावं?

फळा_खडू
सहावी ते आठवीला गणित शिकवते. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज सविस्तर लिहिते, मोठं होईल, वाचा प्लीज.

परवा सातवीच्या वर्गात समीकरणं चालू होती. क्ष/३ + क्ष/४ = १४ असं उदाहरण दिलं. एका मुलाने उत्तर काढलं ४९. वही बघितली तर त्याने डावीकडे २क्ष/७ केलं होतं, म्हणजे अंशात अंश मिळवला छेदात छेद मिळवला, आणि तिथून पुढे सगळं बिनचूक. ७ पलीकडे नेला, २ ने भागलं, ४९. म्हणजे बीजगणित त्याला येतंय! त्याला येत नाहीये ते अपूर्णांकांची बेरीज, जी दोन वर्षांपूर्वी होऊन गेली. आणि मी काय केलं असतं एरवी, तर "समीकरणं कच्ची आहेत" म्हणून अजून दहा समीकरणं दिली असती. ती दहाही चुकली असती.

मग मी ठरवलं की एकदा खालपासून बघूच. वर्गाला १० साधी उदाहरणं दिली, वेळेचं बंधन नाही, मार्क नाहीत, कच्चं काम खोडायचं नाही एवढीच अट. त्यातलं एक होतं ५०३ − २६७. उत्तर २३६. चुकलेली उत्तरं मुख्यतः तीन प्रकारची आली, ३६४, २६६ आणि २४६. आधी वाटलं की घाईत चुकली असतील. पण एकेकाला जवळ बसवून "मोठ्याने बोलत कर" म्हटलं तेव्हा कळलं की तिघांचं तीन ठिकाणी अडलंय.

३६४ वाली मुलगी प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते, वर कोण खाली कोण बघतच नाही. ७ तून ३ गेले ४, ६ तून ० गेलं ६, ५ तून २ गेले ३. २६६ वाला उसने घेतो, पण मध्ये शून्य आलं की त्याला ओलांडून थेट ५ कडून घेतो, मग दशकात "० तून ६ जात नाही" म्हणून उलटं करून ६ लिहितो. आणि २४६ वाल्याला जवळपास सगळं येतं, फक्त दशकाचे १० झाले की त्यातला एक एककाला देऊन ९ उरतात हे तो विसरतो.

तिघांच्या पेपरवर मी आजवर एकच लाल फुली मारत आले. याचं खरंच वाईट वाटलं. तुमचे अनुभव सांगा, आणि अशा मुलांना सातवीचा अभ्यासक्रम न थांबवता खालचं कसं पक्कं करून घ्यायचं तेही.

दोन_लेकींचा_बाबा
ताई, हे वाचून घरी लगेच धाकटीला ५०३ − २६७ दिलं (ती सहावीत). २६६. मी आजवर तिला "लक्ष देत नाहीस" म्हणून ओरडत आलो, ती लक्ष देऊनच ते करत होती हे आज कळलं.

पाटी_पेन्सिल
मी निवृत्त शिक्षक. माझं मत स्पष्ट आहे, पाठांतर सोडलं तिथे हे सुरू झालं. आमच्या वेळी तीसपर्यंत पाढे, वर पावकी निमकी पाऊणकी सवायकी दिडकी सगळं तोंडपाठ असायचं. आता आठवीच्या मुलाला साती आठी विचारलं की बोटं मोजतो. आधी पाढे पाठ करून घ्या, बाकीचं आपोआप येईल.

अभ्यासू_मन
@पाटी_पेन्सिल सर, पाढ्यांचं बरोबर आहे तुमचं, पण "बाकीचं आपोआप येईल" हे नाही पटत. वरच्या तीनही मुलांना पाढे येत असतील तरी ती वजाबाकी चुकणारच, कारण तिथे पाढा लागतच नाही.

फळा_खडू ताईंना जे दिसलं ना, त्यावर १९७८ मध्ये जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी काम केलंय. बऱ्याच मुलांच्या वजाबाकीच्या चुका मनाला येतील तशा नसतात, मूल एक चुकीचा नियम अगदी प्रामाणिकपणे पाळत असतं, तो नियम सापडला की पुढची चूक काय येणार हे आधीच सांगता येतं, असं त्यांनी दाखवलं. होणाऱ्या शिक्षकांना असे चुकीचे नियम ओळखायचा सराव व्हावा म्हणून कॉम्प्युटर प्रोग्रॅमही केला होता. मोठ्यातून लहान वजा करणं आणि शून्याशी अडखळणं हे त्यातले अगदी नेहमीचे प्रकार आहेत. त्यामुळे "तसंच उदाहरण वीस वेळा सोडव" म्हटलं की मुलाचा तो चुकीचा नियमच वीस वेळा घोटून पक्का होतो.

पाढे का लागतात त्याचं कारण वेगळं आहे. आपण डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवू शकतो, चार-पाच फार तर. भागाकार करताना कुठला अंक खाली घेतला, बाकी काय, कुठल्या घरात आहोत हे सगळं धरून ठेवायचं असतं. त्यात ७ × ८ बोटांवर मोजत बसलं की ते संपेपर्यंत बाकीचं निसटतं आणि मग आपल्याला वाटतं याला भागाकार समजत नाही.

नवी_मास्तरीण
पाढ्यांबद्दल एक सांगते, माझ्या सातवीच्या मुलांवर हे चाललं. "पाढे पाठ करा" म्हटलं की तोंडं उतरतात कारण ते डोंगरासारखं दिसतं. म्हणून मी १ ते १० चा तक्ता फळ्यावर काढला, १०० चौकोन. मग त्यांच्याकडूनच खोडून घेतला. १ चा आणि १० चा येतो, खोडा. ३ × ७ आणि ७ × ३ एकच, एक खोडा. एवढ्यातच १०० चे ३६ उरतात. मग २ चा म्हणजे दुप्पट, ५ चा म्हणजे १० च्या निम्मा, ९ चा म्हणजे १० पट करून एकदा वजा (९ × ७ म्हणजे ७० − ७), हेही खोडले. उरले फक्त १५. पंधराच! ३ × ३ पासून ८ × ८ पर्यंत, तेही ३, ४, ६, ७, ८ एवढ्याच अंकांचे. आणि त्यात खरे त्रास देणारे कोण, तर ६ × ७, ६ × ८, ७ × ८ आणि आजूबाजूचे दोन-तीन. मुलांचे चेहरेच बदलले हो. एक जण म्हणाला मॅडम एवढंच होतं तर आधी का नाही सांगितलं.

७ × ८ आठवला नाही तर ७ × ४ = २८, त्याची दुप्पट ५६. अशी वाट माहीत असली की मूल घाबरत नाही, आणि त्या वाटेने दहा-वीसदा गेलं की मग वाट लागतच नाही, उत्तर थेट येतं.

पाटी_पेन्सिल
हे चांगलं आहे. मान्य. तक्ता खोडण्याची कल्पना मला त्या काळी सुचली असती तर वापरली असती.

आठवी_ब
मी स्वतः आठवीत आहे, लिहिलं तर चालेल ना? मला हातचा का घेतात हे सहावीपर्यंत माहीतच नव्हतं. फक्त डोक्यावर छोटा १ लिहायचा एवढं माहीत होतं. कुणीतरी १० काड्यांचा गठ्ठा करून दाखवला तेव्हा कळलं की तो १ म्हणजे १ नाहीये तो १० आहे. हे वर्गात विचारायची लाज वाटायची कारण सगळे म्हणाले असते एवढं पण येत नाही. अजूनही कुणाला येत नसेल तर ते विचारणार नाहीत असं मला वाटतं.

फळा_खडू
@आठवी_ब बाळा, लिहिलंस ते फार बरं केलंस, आणि चालेल का काय विचारतोस, हा धागा तुमच्यासाठीच आहे.

मुख्य अडचण हीच आहे बघा सगळ्यांनी. सातवीच्या मुलाच्या हातात तिसरीचं पुस्तक दिलं की तो पुस्तक बंद करतो आणि मनही बंद करतो. बारा-तेरा वर्षांचं वय, शेजारचा काय म्हणेल हीच धास्ती. खालचं शिकवायचं पण खालचं वाटू द्यायचं नाही, हे कसं साधायचं?

शून्य_किलोमीटर
याला माझ्याकडे एक हमखास उपाय आहे, कापरेकर स्थिरांक. गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी शोधलेला ६१७४. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत एवढंच. अंक उतरत्या क्रमाने लिहून सर्वांत मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने सर्वांत लहान करा, वजा करा. जे येईल त्याचं परत तेच. जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येतंच येतं आणि मग तिथेच अडकून राहतं.

३५२४ घ्या. ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. आणि पुढे ७६४१ − १४६७ परत ६१७४.

आता यात मुलाने काय केलं बघा, प्रत्येक पायरीत उसने घेऊन वजाबाकी, तीही मध्येमध्ये शून्यं असलेली, जी ताईंच्या तीनही मुलांची दुखरी जागा आहे. आणि मुख्य म्हणजे उत्तर तपासायला शिक्षक लागत नाही. ७ पायऱ्यांत ६१७४ आलं नाही तर कुठेतरी चूक झालीय, मुलं स्वतः मागे जाऊन शोधतात. तीन अंकी संख्या घेऊन केलं तर ४९५ येतं, अडणाऱ्यांनी तिथून सुरू करावं. मी हे वर्गात सगळ्यांनाच दिलं, हुशार मुलंही त्यात गुंतली, त्यामुळे कुणाला वाटलं नाही की हे "कच्च्या" मुलांसाठी आहे.

गुणाकारासाठी असंच, २, ३, ५, ७ हे अंक एकेकदा वापरून दोन दोन-अंकी संख्या करा, गुणाकार सर्वांत मोठा कुणाचा येतो बघू. मुलं ७५ × ३२ ने सुरुवात करतात (२४००), मग ७३ × ५२ = ३७९६, मग कुणीतरी ७२ × ५३ करून ३८१६ आणतं आणि वर्गात आरडाओरडा. तेवढ्यात प्रत्येकाचे आठ-दहा गुणाकार झालेले असतात.

फळा_खडू
उद्याच करते!! धन्यवाद.

दोन_लेकींचा_बाबा
माझी मोठी आठवीत आहे, तिचं वेगळंच. घरी निवांत बसली की येतं, टेस्टमध्ये किंवा मी समोर घड्याळ घेऊन बसलो की हात थंड पडतात, २४ ÷ ६ सुद्धा आठवत नाही. रडते. मी स्पीड वाढावा म्हणून एका मिनिटात किती होतात असं रोज घेत होतो.

अभ्यासू_मन
दादा, ते घड्याळ आधी बाजूला ठेवा. मी वर म्हटलं ना की डोक्यात मोजक्याच गोष्टी मावतात, भीती त्यातलीच जागा खाते. अॅशक्राफ्ट आणि कर्क यांनी २००१ मध्ये हेच मांडलं, गणिताची धास्ती असलेल्या माणसाला गणित करताना ती कामाची जागा कमी पडते, विशेषतः हातचे-उसने असलेल्या उदाहरणांत. म्हणजे तिला येत असलेलं गणितही त्या क्षणी तिच्या हाताशी नसतं. वेग हवाच, पण तो बिनचूक करण्याच्या मागून येतो. आधी १० उदाहरणं, हवा तेवढा वेळ, सगळी बरोबर. मग तिला स्वतःलाच कालच्यापेक्षा आज सोपं गेलं का हे विचारा, तुम्ही मोजू नका.

आणि एक, अगदी छोट्या संख्यांची लहान-मोठी तुलनासुद्धा वर्षानुवर्षं जमत नसेल, घड्याळ वाचणं, पुढे-मागे मोजणं यातही सतत अडत असेल तर डिस्कॅल्क्युलियाची (संख्या आणि गणित शिकण्यातली विशिष्ट अडचण) तपासणी करून घ्यावी. साधारण ३ ते ७ टक्के मुलांना तो असतो असं मानतात. तुमच्या मुलीचं वर्णन तसं नाही वाटत, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

पाटी_पेन्सिल
मला दशांश चिन्हाबद्दल लिहायचं आहे कारण सहावी-सातवीत सगळ्यात जास्त पडझड मी तिथे बघितली. ०.३५ मोठं की ०.४? निम्मा वर्ग ०.३५ म्हणायचा, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. त्यांना दशांश चिन्हाच्या उजवीकडे दुसरी पूर्ण संख्याच दिसते. उपाय एकच, ०.४ ला ०.४० लिहायला लावा आणि संख्यारेषेवर दाखवायला लावा. नुसता नियम सांगू नका. ०.३ × ०.३ ला ०.९ लिहिणाऱ्यालाही विचारा, एका वस्तूच्या तीन दशांशाचे तीन दशांश घेतले तर ते आधीपेक्षा मोठं कसं होईल? तो स्वतः थांबतो.

आणि ताळा! ताळा करून बघण्याची सवयच गेली आहे. वजाबाकी झाली की उत्तर आणि खालची संख्या मिळवा, वरची आली पाहिजे. अर्ध्या मिनिटाचं काम.

नवी_मास्तरीण
सर, ताळ्याच्या आधी अंदाजही हवा असं मला वाटतं. ४०१२ ÷ ४ ला माझ्याकडे १३ उत्तर आलं, दोन मुलांकडून. मधलं शून्य गाळलं, १ ला भाग जात नाही तिथलंही शून्य गाळलं. ४००० चे चार भाग केले तर एक भाग हजाराच्या आसपास असणार, १३ कसं असेल, हा प्रश्नच त्यांना पडला नाही. आता मी आधी अंदाज लिहून घेते आणि मगच उदाहरण सोडवायला देते.

अभ्यासू_मन
अंदाजावरून आठवलं. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, १२/१३ + ७/८ चं उत्तर साधारण किती, पर्याय १, २, १९, २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ १ आहेत, म्हणजे २. बरोबर उत्तर दिलं फक्त २४ टक्के मुलांनी. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ निवडलं, म्हणजे नुसते अंश मिळवले किंवा नुसते छेद. फळा_खडू ताईंच्या ४९ वाल्या मुलाच्या चुकीचंच हे भावंड.

आणि हे फार मनावर घेण्यासारखं आहे, कारण २०१२ मध्ये रॉबर्ट सीग्लर आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांची जुनी माहिती तपासली, तर दहा-बारा वर्षांच्या वयात अपूर्णांक आणि भागाकार किती येतात यावरून पुढे हायस्कूलमध्ये गणित कसं जाईल याचा बराच अंदाज येतो असं दिसलं, घरची परिस्थिती, बुद्धिमापन वगैरे धरूनही. म्हणून वेळ कमी असेल तर सहावी-सातवीत मी बाकी सगळ्याआधी या दोन गोष्टींना हात घालेन.

नवी_मास्तरीण
अपूर्णांकांना माझी पद्धत कागदाच्या पट्ट्या. सारख्या लांबीच्या पट्ट्या, घड्या घालून एकीचे ३ सारखे भाग, एकीचे ४. १/३ आणि १/४ कापून शेजारी ठेवा आणि विचारा हे मिळून २/७ आहे का? २/७ हे १/३ पेक्षाही लहान आहे, मग एकात अजून काही मिळवून ते कमी कसं झालं? इथे मुलं स्वतःच म्हणतात की तुकडे सारखे करायला हवेत, मग १२ तुकड्यांची पट्टी आणून दिली की ४ आणि ३, सात बारांश. समच्छेद हा शब्द मी नंतर सांगते.

शून्य_किलोमीटर
अजून एक गोष्ट, सराव कसा द्यायचा. आपण एका दिवशी वीस बेरजा, दुसऱ्या दिवशी वीस वजाबाक्या देतो. मुलाला विचारच करावा लागत नाही, आज काय चाललंय ते माहीतच असतं. मिसळून द्या. डग रोहरर या संशोधकाने २०१५ मध्ये सातवीच्याच मुलांवर प्रयोग केला होता, एका गटाला एकाच प्रकारची उदाहरणं सलग, दुसऱ्याला तीच पण मिसळून. एका महिन्याने अचानक परीक्षा घेतली तर मिसळून केलेल्यांना सरासरी ७४ टक्के, सलग केलेल्यांना ४२. सराव करताना मिसळलेलं जास्त अवघड वाटतं, मुलं कुरकुरतात, पण टिकतं तेच.

माझ्याकडे रोज तासाच्या सुरुवातीला ५ उदाहरणं, सात-आठ मिनिटं. एक कालचं, एक मागच्या आठवड्यातलं, एक मागच्या महिन्यातलं, एक अपूर्णांकाचं, एक अंदाजाचं. अभ्यासक्रम अजिबात मागे पडला नाही, उलट पुढचे धडे लवकर झाले.

दोन_लेकींचा_बाबा
कॅल्क्युलेटर देऊन टाकावा का मग आठवीत? लोक म्हणतात मोठेपणी फोन असतोच हातात.

फळा_खडू
दादा, कॅल्क्युलेटरला माझा विरोध नाही, ६१७४ ची तपासणी त्यावर करू दे की. पण ६क्ष² + १३क्ष + ६ चे अवयव पाडताना "गुणाकार ३६ आणि बेरीज १३" असे दोन अंक ज्याला मनात ४ आणि ९ म्हणून दिसत नाहीत त्याला कॅल्क्युलेटर काय मदत करणार? कुठलं बटण दाबायचं हेच त्याला कळत नाही. बीजगणितात संख्या ओळखीच्या असाव्या लागतात, नुसतं उत्तर मिळून भागत नाही.

पाटी_पेन्सिल
अगदी.

फळा_खडू
सहा आठवड्यांनी परत येतेय, तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत तर काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

रोज ५ मिसळलेली उदाहरणं सुरू केली. कापरेकर दर शुक्रवारी. तक्ता खोडून झाला, १५ चे कार्ड मुलांनी स्वतः बनवले, जे पटकन आलं ते मागे, जे अडलं ते पुढे. आणि सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला तर "मोठ्याने बोलत कर" याचा, आता मुलं जोडीनेच ते करतात, एक सोडवतो दुसरा ऐकतो आणि फक्त "का?" विचारतो.

२४६ वाला दोन दिवसांत सुधारला, त्याला फक्त कुणीतरी ते दाखवायला हवं होतं. २६६ वाल्याला गठ्ठे-काड्या लागल्या (@आठवी_ब तुझीच आयडिया), शंभराचा गठ्ठा सोडून दहा दहांचे गठ्ठे, मग त्यातला एक सोडून दहा सुट्या, हे चार-पाच वेळा हाताने केलं, मग वहीत. आता चुकत नाही. ३६४ वाली मुलगी मात्र अजून मधूनच उलटं वजा करते, थकली की किंवा घाई असली की जुना नियम परत येतो. पण आता ती ताळा करते आणि स्वतःच म्हणते "मॅडम हे आलं नाही, परत करते". काल तिने वर्गात सगळ्यांसमोर ३०८७ पासून ६१७४ पर्यंत फळ्यावर करून दाखवलं.

४९ वाल्याची पट्ट्यांची मोजणी चालू आहे. समच्छेद करतो, पण कशासाठी ते त्याला अजून नीट सांगता येत नाही, त्यामुळे मी त्याला पुढे ढकलत नाहीये.

पुढचं आता पूर्णांक. परवा −७ + ३ दिलं तर ४ लिहिणारे, −१० लिहिणारे आणि १० लिहिणारे असे तीन गट दिसले. −३ − ५ ला "वजा वजा अधिक" म्हणून ८ लिहिणारे वेगळेच. सोमवारी एकेकाला बोलत करायला लावते आणि कोण काय म्हणतंय ते इथेच टाकते. तुमच्याकडे याच्यासाठी संख्यारेषेशिवाय काही असेल तर त्याआधी सांगून ठेवा.